तळमजल्यावरचे अणू

आषाढ सरत आला की आमच्या कोल्हापुरात माणसं एकमेकांना बरं आहे का विचारायच्या आधी पाण्याचं विचारतात. बंधाऱ्याला किती झालं, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का, पुलावरनं गाड्या सोडताहेत का. दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, वर्गात हजेरी चालू असताना मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारतं. कुणाच्या तरी फोनवर ताजा आकडा आलेला असतो, तो मोठ्यानं वाचला जातो, आणि ऐकणारे सगळे 'हं' म्हणून गप्प होतात. त्या 'हं'नंतर करण्यासारखं फारसं काही नसतं. चपला उंचावर ठेवायच्या, तांदळाचं पोतं माळ्यावर चढवायचं आणि वाट बघायची.

यंदाही तसंच सुरू झालंय. कॉलेजच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलीय, भिंतींना बुरशीचा वास येतोय, खडू ओलसर झाल्यामुळं फळ्यावर नीट उमटत नाही. परवा तास संपल्यावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी मागं थांबली. मॅडम, तुम्ही पीएचडी कशात केली, असं तिनं विचारलं. अणू आणि प्रकाश, मी म्हटलं. लेसरच्या उजेडानं अणू थंड करायचे आणि एका जागी धरून ठेवायचे, असा प्रयोग आम्ही उभा करत होतो. तिचे डोळे मोठे झाले.

"मग झाला का तो प्रयोग?"

मी उगाच छत्री शोधत राहिले. झाला म्हणावं तर दाखवायला काही नाही, नाही म्हणावं तर जीभ उचलत नाही. त्या वर्षी पाऊस फार झाला, एवढंच मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं, मॅडम थट्टा करतायत.

आमची प्रयोगशाळा शाहूपुरीतल्या एका जुन्या कॉलेजात होती, तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तळमजला माझे मार्गदर्शक मगदूम सर यांनी मुद्दाम मागून घेतला होता. वरती कोरडे, हवेशीर वर्ग रिकामे पडले होते, पण वरच्या मजल्यावर कुणी नुसतं चाललं तरी फरशी थोडी हलते, आणि आमच्या कामाला तेवढं हलणंही परवडत नाही. जमिनीला टेकलेलीच खोली पाहिजे, यावर सर अडून बसले होते. त्या खोलीत एक भलंमोठं पोलादी टेबल होतं. ते आणलं त्या दिवशी क्रेन आली होती आणि खिडकीखालची भिंत फोडून ते आत घ्यावं लागलं होतं. गल्लीतली माणसं कामधंदा सोडून बघायला जमली. एकानं विचारलं, "पावणं, एवढ्या टेबलावर कुणाची पंगत बसणार हाय?" सरांनी त्याला गंभीरपणे सांगितलं की ह्यावर उजेड मांडायचा आहे. त्या माणसानं शहाण्यासारखी मान डोलावली.

सर हातकणंगल्याच्या बाजूचे. खेड्यातलं जुनं जैन शेतकरी घर, ऊस होता, तो थोरला भाऊ बघायचा. सर शिकत शिकत परदेशात गेले आणि बरीच वर्षं तिथल्या एका प्रयोगशाळेत हेच काम करत होते. वडील गेल्यावर आईसाठी परत आले. पुण्याला जा, मुंबईला जा, इथं काय मिळणार, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. "तिकडचे अणू वेगळे असतात का?" असं ते विचारायचे. माझी त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा निवृत्ती डोळ्यासमोर दिसू लागली होती आणि अणू अजून एकदाही दिसले नव्हते.

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला संग्राम. संग्राम गारगोटीच्या पुढच्या एका गावचा. घरी म्हशी, दुधाचा धंदा, आईवडील दोघंच सांभाळणारे. बोलणं रोखठोक, आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला ऐकू जावा, पण टेबलापाशी आला की हाच माणूस श्वाससुद्धा जपून घ्यायचा. टेबलावर अंगठ्याएवढे आरसे ओळीनं उभे होते, पन्नासेक तरी असतील, आणि प्रत्येकाच्या पाठीला बारीक स्क्रू. लेसरचा किरण एका आरशावरनं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरनं तिसऱ्यावर असा फिरत शेवटी मधल्या काचेच्या डबीत शिरायचा. एका आरशाचा कोन केसभर चुकला की पुढचं सगळं चुकलं. मी त्याला स्क्रू फिरवायला शिकवलं, पण थोड्याच दिवसांत तो मला शिकवायला लागला. "ताई, स्क्रू फिरवायचा न्हाय," तो म्हणायचा, "फिरवायचा नुसता इचार करायचा."

ती काचेची डबी म्हणजे सगळ्याचं मूळ. तिच्यातली हवा काढून टाकलेली होती, आणि उरलीसुरली हवा ओढून घेणारा एक पंप दिवसरात्र चालू असायचा. कोल्हापुरातली सगळ्यात रिकामी जागा ही, असं सर म्हणायचे. त्या रिकामपणात रुबिडियम नावाच्या धातूची थोडीशी वाफ सोडलेली. वाफेतले अणू बंदुकीच्या गोळीसारखे सुसाट धावत असतात. सहा बाजूंनी अगदी अचूक रंगाचा लेसर त्यांच्यावर सोडला तर उजेडाच्या धक्क्यांनी ते हळू होतात, आणखी हळू होतात, आणि डबीभोवती बसवलेल्या तारेच्या दोन वेटोळ्यांमधून वीज सोडून योग्य चुंबकत्व दिलं तर मधोमध गोळा होतात. ज्वारीच्या दाण्याएवढा अणूंचा ढग. डोळ्यांना त्या ढगाचा उजेड जवळजवळ दिसतच नाही, म्हणून डबीसमोर एक छोटा कॅमेरा लावलेला आणि बाजूला काळापांढरा टीव्ही. त्या टीव्हीकडं आम्ही तिघांनी किती बघितलं असेल, याला गणती नाही. तिथं नेहमी एकच राखाडी पट्टा दिसायचा.

हे काम करताना माणूस हळूहळू एका गोष्टीला सरावतो. अणूला हात लावता येत नाही. त्याला ओढता येत नाही, ढकलता येत नाही, बाबा रे ये म्हणून विनवता येत नाही. आपण फक्त आरसे लावायचे, रंग जुळवायचा आणि बाजूला बसून राहायचं. तो आला तर आला. विजेचा दाब कमी झाला की लेसरचा रंग सरकायचा, दमट हवेनं सरकायचा, कधी काहीच कारण नसताना सरकायचा. आईला मी हे एकदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पोरं वाढवताना असंच असतं. तेव्हा मला राग आला होता.

त्या वर्षी श्रावण लागायच्या थोडं आधी, एका रविवारी, अणू आले.

सर त्या दिवशी गावाकडं गेले होते. चातुर्मास सुरू होता आणि त्यांच्या आईनं गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, विधानाची पूजा धरली होती. थोरल्या मुलाबरोबर धाकटाही पूजेला बसला पाहिजे, हा तिचा हट्ट. सर जाताना आम्हाला सांगून गेले होते की आज काही नवीन करू नका, नुसता लेसर स्थिर ठेवायचा सराव करा. आम्ही तेच करत होतो. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. संग्राम एक बटण अगदी सावकाश फिरवत होता आणि मी टीव्हीकडं बघत होते. राखाडी पट्ट्याच्या मधोमध काहीतरी पांढरं झालं. मला वाटलं डोळ्यांवर ताण आलाय. संग्रामनं बटणावरचा हात हळूच काढून घेतला.

"ताई," तो कुजबुजला, "ह्ये काय हाय?"

मी चुंबकाचा स्विच बंद केला. पांढरा ठिपका गेला. परत चालू केला. आधी काहीच नव्हतं, मग धुकं साचावं तसा तो हळूहळू भरत आला आणि तिथंच थांबला, जरासा थरथरत. परत बंद, परत चालू. आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. ओरडलो नाही, नाचलो नाही. मला हे नीट आठवतं, कारण नंतर लोकांनी विचारलं की तुम्ही काय केलंत, आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं. संग्राम खाली फरशीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी फोननं टीव्हीचा फोटो काढला. 

सरांचा फोन बंद होता. पूजा संपल्यावर त्यांनी उलटा फोन केला. मी सांगितलं. पलीकडं बस्तीतली घंटा वाजत होती. सर म्हणाले, तसंच ठेवा, कशालाही हात लावू नका, मी येतो.

आम्ही हात लावला नाही. पण सरांची एसटी शिरोलीच्या वाहतुकीत अडकली होती तेव्हा विजेचा दाब एकदम पडला, दिवे मिणमिणले आणि पुन्हा उजळले. लेसर सरकला. ढग गेला. आम्ही तो परत आणायला धडपडत होतो तोवर सर दारात येऊन उभे राहिले. पूजेचं धोतर आणि उपरणं तसंच अंगावर, पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, कपाळावर गंध. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टीव्हीसमोरचं स्टूल ओढलं आणि बसले. टीव्हीवर राखाडी पट्टा होता.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं करून पाहिलं. सर सूर्यास्तानंतर जेवत नसत. त्यांच्या आईनं डबा दिला होता, तो पिशवीतच राहिला आणि बाहेर अंधारून आलं. जेवून घ्या असं मी दोनदा म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. निघताना मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, बराच वेळ बघितला, आणि फोन परत दिला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण असा ठिपका काचेवरच्या परावर्तनाचाही असू शकतो."

संग्राम म्हणाला की चुंबक बंद केला की तो जात होता. सरांनी मान हलवली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मी स्वतः बंद करून बघेन, तेव्हा म्हणू आपण अणू धरले. तोवर कुठं बोलू नका."

ते बरोबरच होतं. आमच्या कामात असंच असतं, आणि हेच त्यांनी आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. तरी बाहेर पडताना संग्रामचा चेहरा मला बघवेना. गेटपाशी आल्यावर तो म्हणाला, "खोटं बोलाय आपण काय इलेक्शनला हुबं हाय व्हय?" आणि सायकल घेऊन पावसात निघून गेला.

नंतरचे दिवस आठवले की मला नुसता पावसाचा आवाज आठवतो. ढग परत आला नाही. सर पहाटे यायचे, डबा घेऊन यायचे, उजेड असेपर्यंत टीव्हीसमोर बसायचे. दमट हवेत लेसर धड एका रंगावर टिकत नव्हता. कधीकधी आम्हाला वाटायचं की आता येणार, आता आलाच, सर पुढं वाकायचे, आणि काहीच यायचं नाही. सरांनी कधी चिडचिड केली नाही. त्यांनी चिडायला हवं होतं, असं मला वाटायचं.

मग पाणी वाढायला लागलं. गारगोटीकडचा रस्ता आज बंद होईल, उद्या बंद होईल, अशी चर्चा सुरू झाली. संग्रामच्या आईचा फोन आला, म्हशी वरच्या वाडीत हलवाव्या लागणार, तू येतोस का. तो जाणार होता. बॅग घेऊन स्टँडवर गेलाही, पण तिकडच्या गाड्या बंद झाल्या होत्या. तो बॅगेसकट परत प्रयोगशाळेत आला आणि कोपऱ्यात बॅग ठेवून आरशांकडं बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याचं पाणी उलटं फिरून आमच्या गल्लीत आलं. गढूळ, संथ, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नारळाच्या करवंट्या तरंगत असलेलं. ते वाहत नव्हतं, नुसतं चढत होतं. दुपारपर्यंत इमारत रिकामी करा, वीज तोडणार आहेत, असा निरोप आला. आम्ही तिघांनी मिळून जे हलवता येईल ते हलवलं. विजेची यंत्रं दुसऱ्या मजल्यावर नेली. तिथलं छत त्या पावसात ठिबकायला लागलं होतं म्हणून दोन्ही लेसर, जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या त्या, माझ्या घरी न्यायचं ठरलं. आमचं घर उंचावर, राजारामपुरीत. इन्व्हर्टर कपाटाच्या डोक्यावर ठेवून पंप त्याला जोडला. वीज गेल्यावरही थोडा वेळ तरी पंप चालावा, एवढीच आशा.

राहिले आरसे, डबी आणि टेबल. टेबल हलवणं अशक्यच होतं. डबी पंपासकट टेबलाला आवळलेली, काढायची तर भोवतीचे सगळे आरसे आधी काढायला हवेत. सरांनी स्क्रू काढायची सहाकोनी किल्ली हातात घेतली, पहिल्या आरशाच्या स्क्रूत घातली, आणि त्यांचा हात तिथंच राहिला. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. सरांनी किल्ली काढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले.

"सर, पाणी येणार हाय," संग्राम म्हणाला.  "आरसं तरी काढून घिऊया. मी काढतो. वाटलं तर मी एकटा परत लावतो."

"इथं आजवर गुडघ्याच्या वर पाणी आलेलं नाही. टेबल कमरेएवढं आहे." मग सर म्हणाले, "काढले तर ते परत लावायला मला वेळ उरलेला नाही रे."

यावर काय बोलणार? त्यांच्या निवृत्तीला उरलेले दिवस आम्हा दोघांनाही ठाऊक होते. काढा म्हणणं म्हणजे तुमचं आता होत नाही असं तोंडावर सांगणं. नका काढू म्हणणं म्हणजे नशिबावर सोडणं.  आम्ही टेबलावर ताडपत्री घातली, तिच्या कडा दोरीनं बांधल्या, आणि गल्लीतल्या मांडीभर पाण्यातनं बाहेर पडलो. सर भावाच्या ओळखीच्या घरी उंचावर राहायला गेले. संग्रामच्या खोलीतही पाणी शिरलं होतं, म्हणून माझ्या आईनं त्याला आमच्याकडंच ठेवून घेतलं.

लेसरच्या पेट्या मी कॉटवर ठेवल्या होत्या. आईनं येऊन बघितलं आणि काही न विचारता तिची एक जुनी सुती साडी चौपदरी करून त्यांच्यावर घातली. दमट हवा लागायला नको ना, ती म्हणाली.

त्या दिवसांत आम्ही घरात नुसते बसून होतो. संग्राम तासातासानं गावाकडं फोन लावायचा आणि पलीकडनं तेच, संपर्क होऊ शकत नाही. फोनवर शहराचे फोटो यायचे. ओळखीच्या चौकात होड्या, दुकानांच्या पाट्यांना टेकलेलं पाणी. एका फोटोत कुणीतरी गच्चीवरनं आमची गल्ली घेतली होती. कॉलेजच्या गेटची फक्त कमान वर दिसत होती. संग्रामनं बोटानं कमानीपासून खाली मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. इन्व्हर्टर आता संपला असणार, मी मनात म्हणत होते. आता त्या डबीत एक एक करून हवेचे कण साठत असणार. तेवढ्यात सरांचा फोन आला, गल्लीचं काही कळलं का. फोन संग्रामकडं होता. तो म्हणाला, "काय दिसत न्हाय, सर." सर म्हणाले, बरं.

पाणी उतरलं ते चढलं त्याहून सावकाश. आम्ही खोलीचं दार उघडलं तेव्हा ते आतल्या गाळामुळं अर्धंच उघडलं. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला पाण्याची रेघ होती. ताडपत्री फाटून कोपऱ्यात गोळा झाली होती. व्हरांड्यातला एक लाकडी बाक तरंगत आत आला होता आणि टेबलावरच येऊन बसला होता, आडवा. त्याच्या पायाखाली काचेची डबी. ती एका कोपऱ्याला फुटली होती. आत पाणी भरलं होतं आणि तळाशी बोटभर गाळ. सर त्या डबीसमोर वाकून उभे राहिले. मी पलीकडं गेले, कारण मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

टेबल आतनं पोकळ असतं, मधाच्या पोळ्यासारखं. ते पाणी प्यायलं होतं. वरच्या स्क्रूच्या भोकांतनं आणि खालच्या शिवणीतनं नंतर कितीतरी दिवस तांबूस पाणी झिरपत राहिलं. रोज पुसायचं, रोज परत.

रस्ते सुरू झाले तसा संग्राम गावी गेला. तिकडं म्हशी हलवताना गोठ्याची भिंत पडली होती आणि वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. इतके दिवस त्याला हे कळलंच नव्हतं. तो मध्ये चार दिवस येऊन चिखल काढून गेला. खराटा मारता मारता त्यानं मला सांगितलं की आता परत येणं जमेल असं वाटत नाही. सरांना तू सांग, मला जमणार न्हाय, म्हणाला. मी सांगितलं. सर म्हणाले, वडील महत्त्वाचे. मग त्यांनी पुढचा आरसा उचलला.

कारण सर आरसे पुसत होते. तीच आठवण माझ्या मनात सगळ्यात खोल बसलीय. खिडकीपाशी स्टूल घेऊन, पांढरा पातळ कागद घडी करून, त्यावर ॲसिटोनचे थेंब सोडून, एकेक आरसा एका दिशेनं पुसायचा, कागद टाकायचा, नवा घ्यायचा. अगदी तसंच, जसं त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आरशांवरचा लेप पाण्यानं सोलून गेला होता. ते आता दाढीच्या आरशाच्याही कामाचे नव्हते. सरांना हे माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी ते पुसत होते, आणि पुसून झालेला आरसा उजेडात तिरका धरून बघत होते. मी समोर बसून त्यांना कागद घडी करून देत राहिले. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

आज मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. प्रबंध मी लिहिला तो लेसर स्थिर ठेवण्यावर, कारण तेवढंच कागदावर होतं. सर निवृत्त होऊन गावी गेले, आईजवळ. संग्रामची डेअरी चांगली चालते. मधल्या काळात मी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत काही महिने काम करून आले. तिथं अणू रोज यायचे. मुलं सकाळी यायची, बटण दाबायची, पडद्यावर ढग आला की चहाला जायची. पहिल्या दिवशी मी तिथं उभी राहिले आणि मला बाजूच्या मुलाला सांगावंसं वाटलं की अरे, थांब जरा, बघ. पण त्यानं का थांबावं, हे मला सांगता आलं नसतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी, ऊन पडायला लागल्यावर, अनुदान देणाऱ्या कार्यालयाकडून दोन अधिकारी नुकसान बघायला आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी खोलीत एक चक्कर मारली. गंजलेलं टेबल, फुटलेली डबी, खिडकीतल्या पुसलेल्या आरशांची ओळ. त्यांची काही चूक नव्हती, त्यांनी दिवसभरात अशा किती खोल्या बघितल्या असतील. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी सरांना विचारलं की प्रयोग कुठपर्यंत आला होता, म्हणजे यश मिळालं होतं की तयारीच चालू होती.

सर काय सांगणार हे मला माहीत होतं. तयारी चालू होती, असंच ते सांगणार. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"झाला होता," सर म्हणाले. "आम्ही अणू धरले होते."

त्या गृहस्थांनी मान वर केली. आपण स्वतः पाहिलेत का, त्यांनी विचारलं.

"मी नाही. ही आणि माझा दुसरा विद्यार्थी संग्राम, यांनी पाहिले." सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "चुंबक बंद केला की ढग जात होता. चालू केला की परत येत होता. यांनी बंद करून पाहिलं आहे."

ते गृहस्थ बरं म्हणाले आणि त्यांनी पंप दाखवा म्हणून सांगितलं. सर त्यांना घेऊन पलीकडं गेले. मी तिथंच उभी होते. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले आणि संग्रामला फोन लावला. हे त्यानं ऐकायला हवं होतं. इथं उभं राहून ऐकायला हवं होतं.

फोन त्याच्या आईनं घेतला.

"त्यो धार काढाय गेलाय," त्या म्हणाल्या. "काय सांगू का?"

 आत सर पंपाविषयी काहीतरी समजावून सांगत होते, त्यांचा मऊ आवाज येत होता.

"त्याला सांगा, काकू," मी म्हटलं, "सर म्हणाले, अणू दिसले होते."

"कोण? अण्णू?"

"हां. अणू."

"दिसला हुता व्हय?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "बरं झालं बाई. ह्या पुरात माणसांची लई चुकामूक झाली. घावला, बरं झालं."

 मागं म्हैस हंबरली, बादलीचा आवाज झाला.

"सांगते की त्याला," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.